भुताची गोष्ट आणि तिची कारागिरी



मुंबईच्या गोरेगावात, स्टेशनाच्या पूर्वेला हमरस्ता ओलांडला की आरेची दूध वसाहत लागते. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत वसवली गेली. आजही तिथे गोठे आहेत, गवताची कुरणे आहेत, वारली लोकांचे पाडे आहेत, आणि या सगळ्यांमधून जाणारा एक वळणावळणाचा रस्ता आहे. या रस्त्याची एक गोष्ट गोरेगावात बहुतेकांनी ऐकलेली असते. रात्री उशिरा एक बाई कडेला उभी असते. अंगावर पांढरे पातळ. ती हात करते. गाडीत घेतली तर थोड्या वेळाने मागची जागा रिकामी. आणि न थांबता पुढे गेलात तर पुढच्या वळणावर तीच बाई पुन्हा उभी!

गंमत अशी की, सांगणाऱ्याने स्वतः ही बाई कधीच पाहिलेली नसते. त्याच्या मेव्हण्याच्या दोस्ताने पाहिलेली असते.

तुम्ही म्हणाल, “अहो, हे तर आमच्या घाटातलंच भूत!” बरोबर आहे. महाराष्ट्रात असा घाट विरळाच, जिथे ही बाई उभी नाही. एवढेच कशाला, अमेरिकेतही ती आहे. जान हॅरल्ड ब्रूनव्हांड नावाच्या लोककथांच्या अभ्यासकाने १९८१ साली तिकडच्या अशा दंतकथांवर एक पुस्तक काढले आणि पुस्तकाला नाव या वाटेतच नाहीशा होणाऱ्या प्रवाशावरूनच दिले. तिकडे ती पांढरे पातळ नेसत नाही, मोटारीत बसून आपल्या आईबापांच्या घराचा पत्ता सांगते, इतकाच फरक.

आज मला बोलायचे आहे ते भूत असते की नसते याबद्दल नाही. त्या वादात रात्र सरेल आणि गोष्ट राहून जाईल. मला बोलायचे आहे ते भुताच्या गोष्टीबद्दल. ती आपल्याला का आवडते, आणि चांगली भुताची गोष्ट लिहायची कशी?

पहिली बाब अशी की, आरेच्या बाईची जी हकिकत वर सांगितली ती अजून गोष्ट झालेली नाही. ती आवई आहे. आवई ऐकणाऱ्याला विचारते, “खरं वाटतं का?” गोष्टीला तो प्रश्न विचारण्याची गरजच नसते. ऐकणाऱ्याचे एक मन म्हणत असते, छे, असे काही नसते. आणि दुसरे मन म्हणत असते, पण असले तर? या दोन मनांच्या मधली जी अरुंद जागा, तिच्यात भुताची गोष्ट राहते. ज्याचा भुतावर पक्का विश्वास आहे त्याला ती गोष्ट वाटतच नाही, ती त्याला बातमी वाटते. बातमी ऐकून माणूस दार लावून घेतो, नाहीतर काठी शोधतो. ज्याला तिळमात्र शंका येत नाही, त्याच्या हातीही गोष्टीतले काही लागत नाही. रस घेतो तो शंका असलेला माणूस. लेखकाचे सारे कसब ही शंका शेवटपर्यंत जिवंत ठेवण्यात आहे.

आता भीती आवडते ती का? लहान मूल आजीच्या कुशीत शिरते आणि म्हणते, “आजी, ती मुंजाची सांग ना!” आजी सांगते. मूल घाबरते, पांघरूण डोक्यावर घेते, आणि गोष्ट संपली की पांघरुणातूनच म्हणते, “पुन्हा सांग.” भीती पुरेपूर, पण कूस सुटलेली नाही. मोठ्यांचेही असेच असते. फक्त कुशीच्या जागी दिवा, अंथरूण आणि हातातले पुस्तक येते.

पण निव्वळ भीतीवर गोष्ट फार काळ तरत नाही. आपल्या जुन्या लोकांनी भुतांना जी नावे दिली ती जरा नीट पाहा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात दगावलेली बाई. समंध म्हणजे ज्याचा जीव वाड्यात, जमिनीत, पुरून ठेवलेल्या द्रव्यात अडकून राहिला तो. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. मुलखामुलखात नावे थोडीफार फिरतात, पण सूत्र एकच. प्रत्येकाचे काहीतरी अपुरे राहिले आहे. मुंजाचे लग्न राहिले, बाळंतिणीचे मूल राहिले, समंधाचा वाटेकरी ठरायचा राहिला. गावोगाव हडळी इतक्या का होत्या? गावोगाव बाळंतिणी दगावत होत्या म्हणून. दवाखाना दूर, सुईण अडाणी, रात्र पावसाची. ज्या मरणाचा जाब कोणाला विचारता येत नव्हता, ते मरण विहिरीच्या काठी येऊन बसले. २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्याची पार्श्वभूमी कोकणातली आणि त्यातल्या मुंज्याचा हट्टही लग्नाचाच. सूत्र इतके जुने, पण अजून चालते आहे.

तेव्हा भुताची गोष्ट लिहायला बसणाऱ्याने ‘भूत दिसते कसे’ हा प्रश्न मागे ठेवावा. ‘याचे राहिले काय’ हा प्रश्न आधी सोडवावा.

सगळीच भुते वाईट नसतात, हेही जाता जाता सांगतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा भुतांचा राजा वेताळच. पण गावाला तो देव आहे, राखणदार आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फेरी घालतो म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. आता या चपलांकडे गोष्टकाराच्या डोळ्यांनी पाहा. वेताळ कोणालाच दिसत नाही. दिसते ती फक्त झिजलेली चप्पल. पण ती झिजलेली चप्पल पाहून अंगावर जो काटा येतो, तो दहा हात लांब जिभेच्या वर्णनाने येत नाही.

इथे आपण कारागिरीपाशी आलो. इंग्लंडात एम. आर. जेम्स नावाचे एक विद्वान गृहस्थ होऊन गेले, १८६२ ते १९३६. केंब्रिजला जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करायचे, आणि नाताळात मित्रांना जमवून दिव्याच्या उजेडात स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवायचे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा : माणसे आपापल्या रोजच्या कामात गर्क दाखवा, सगळे नेहमीचे, निवांत असू द्या, मग त्यात ती नको असलेली गोष्ट हळूच डोके वर काढू दे, आणि पुढे थोडी थोडी करून सगळी जागा व्यापू दे. आपल्याकडचे नवे लेखक नेमके उलटे करतात. पहिल्याच ओळीत अमावास्या, वटवाघळे, कुत्र्याचे रडणे, वाड्याचे करकरणारे दार. वाचक म्हणतो, “कळलं, भूत येणार आहे,” आणि निर्धास्त होतो. उलटी पावले, पैंजणांची छुमछुम, रात्री बाराचे टोल हे सगळे सामान आता इतके वापरून झाले आहे की त्याला भुतेही भीत नसतील.

आपल्या चकव्याची गोष्ट या दृष्टीने फार शहाणी आहे. चकव्याला ना तोंड ना पाय. माणूस रात्री माळावरून घरी निघतो आणि तास दोन तास चालून पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. बस्स. डोळ्यांना खुणेची वस्तू नसली की माणूस सरळ चालतो आहे असे समजून गोल फिरतो, हे प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. पण हे कळल्यावरही ती बाभूळ तिसऱ्यांदा दिसली की पोटात गोळा येतोच.

आता आरेची बाई घेऊ आणि तिची गोष्ट करून पाहू.

जागा आपल्या ओळखीची हवी. आरेत रात्रीची खरी भीती आहे ती बिबट्याची. २०२१ साली तिथे बिबट्याने माणसांवर हल्ले केले होते. पाड्यातली माणसे वाघोबाला देव मानतात, त्याची स्थाने तिथे आहेत. म्हणून गोष्टीतला रिक्षावाला बिबट्याला भिणारा असू द्या, भुताला नव्हे. शेजारच्या चित्रनगरीत, १९७७ साली उभ्या राहिलेल्या फिल्म सिटीत, रात्रपाळी करणाऱ्या कोणाला तरी सोडून तो परत निघाला आहे. घरी दूध न्यायचे आहे, गॅस कमी आहे, उद्या मुलीच्या शाळेची फी आहे. म्हणजे त्याचे डोके दुसरीकडेच आहे. आणि बाईच्या अंगावर पांढरे पातळ नको. साधे, फुलाफुलांचे, भाजी आणायला जाताना नेसतात तसले असू दे. तिच्या हातात पिशवी असू दे.

“दादा, उंबरापाशी सोडाल?”

“कुठला उंबर, ताई?”

“चला तुम्ही. सांगते मी.”

ती वाट सांगते. डावीकडे, मग सरळ. रिक्षावाला फीचा विचार करतो आहे. एका जागी ती म्हणते, “इथंच.” तो थांबतो. समोर पत्र्याचे लांबच लांब कुंपण. उंबर नाही, काही नाही. ती पैसे देते, तो खिशात घालतो, रिक्षा वळवतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी भाडे घेऊन तिकडूनच जायची वेळ येते. पाड्याच्या तोंडाशी एक म्हातारा बसलेला असतो.

“बाबा, इथं उंबर होता का हो?”

“व्हता ना. मोठा व्हता. तू कुठं पायलास?”

“मी नाही पाहिला. काल रातच्याला एका बाईला इथं सोडलं, ती म्हणाली.”

म्हातारा थोडा वेळ गप्प राहतो. मग विचारतो, “सोडलीस, पन उतरली का ती?”

संपली गोष्ट. तो आठवू पाहतो, आणि तिला उतरताना पाहिल्याचे त्याला आठवत नाही, हे देखील लिहायचे नाही. ते वाचकाचे वाचक करून घेतो.

तिचे राहिले काय? उंबर. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते पत्र्याचे कुंपण वेगळे दिसेल. ज्याला ठाऊक नाही त्यालाही गोष्ट कळेल. असा मागचा अर्थ असावा, पण त्याने पुढे येऊन भाषण करू नये.

गोष्ट कुठे थांबवावी याचा वस्तुपाठ पाहायचा तर रवींद्रनाथांची १८९५ सालची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा मिळवून वाचा. १८७८ साली तरुण रवींद्रनाथ अहमदाबादेत शाहीबागेतल्या जुन्या महालात राहिले होते. त्या महालातून ती कथा उगवली. कथेत एक प्रवासी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आपला अनुभव सांगत असतो. ऐकणारे जीव मुठीत धरून बसलेले. आणि खुलासा होणार इतक्यात गाडी येते! सांगणारा आपल्या डब्याकडे निघून जातो. वाचक फलाटावर उभा राहतो तो कायमचा.

आपल्या नभोवाणीच्या धंद्यातली एक खूणही सांगितली पाहिजे. गोरेगावच्या पुढचे स्टेशन मालाड. तिथे बॉम्बे टॉकीज ही नामांकित चित्रसंस्था होती. तिचा ‘महल’ हा चित्रपट १९४९ सालचा, दिग्दर्शक कमाल अमरोही. त्यातले लता मंगेशकरांचे ते गाजलेले गाणे आवाज दुरून जवळ येत असल्यासारखे वाटते. त्यासाठी काय केले, हे लताबाईंनी पुढे सांगितले आहे : मायक्रोफोन एका जागी, आणि त्या खोलीच्या दुसऱ्या टोकापासून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. ना यंत्र, ना जादू! तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. गाते आहे कोण, अशी विचारणा श्रोत्यांकडून आकाशवाणीकडे होऊ लागली. म्हणजे अंगाशिवायचा आवाज महाराष्ट्रभर, देशभर फिरत होता. ‘महल’मध्ये शेवटी भूत नसतेच, हेही लक्षात ठेवा. डोळ्यांपेक्षा कान लवकर घाबरतात. लिहिताना दिसण्याचे वर्णन अर्धे करा आणि ऐकू येण्याचे दुप्पट.

मराठीत हा प्रांत दोघांनी मोठा केला. नारायण धारप, १९२५ ते २००८, आणि रत्नाकर मतकरी, १९३८ ते २०२०. धारपांच्या गोष्टींत अमंगळ शक्ती खरोखर असते, आणि तिच्याशी लढायला त्यांचा ‘समर्थ’ही असतो. पाश्चात्त्य कथांवरून त्यांनी पुष्कळ घेतले. ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकेच्या स्टीफन किंग यांच्या कादंबरीवरून, तर ‘आजी’ ही कथा त्यांच्याच एका कथेवरून. पण घेतलेले त्यांनी आपल्या माजघरात आणून असे ठेवले की परके वाटू नये. या ‘आजी’चाच धागा धरून राही अनिल बर्वे यांनी २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट केला आणि नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. त्या चित्रपटात सतत पाऊस पडतो, भिंती ओल्या, माणसे ओली. आणि भय असते ते हावेचे. राक्षसापेक्षा पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाणारा माणूस अधिक भिववतो.

मतकरींचा मार्ग निराळा. त्यांच्या कथांना आपण गूढकथा म्हणतो, आणि पुष्कळदा त्यांत भुताची गरजच पडत नाही. अंधार माणसाच्या मनातला. ‘गहिरे पाणी’, ‘खेकडा’ हे संग्रह ग्रंथालयात मिळतील. माझे स्वतःचे मत विचाराल तर रात्री वाचायला धारप बरे आणि दुसऱ्या दिवशी कामावर असताना आठवायला मतकरी. याच मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ नाटक लिहिले. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, आणि २०१८ साली नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले यांनी. दोघेही पुरुष! मुले आधी किंचाळतात आणि मग पोट धरून हसतात.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, आता तुमच्याशी दोन शब्द. चेटकीण रंगमंचावर असते तोवर हसू येते. पण आपल्याच राज्यात, विशेषतः नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात, जिवंत बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण केल्याची, गावाबाहेर काढल्याची प्रकरणे घडलेली आहेत. बहुधा ती बाई एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने कोणाला बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे. अमुक माणूस करणी करतो, रोगराई पसरवतो असे ठरवणे. मंत्राने भूत बोलावतो म्हणून लोकांत घबराट पसरवणे, हे सगळे आता गुन्हे आहेत.

मग वर्गात भुताच्या गोष्टी बंद कराव्यात का? मला तसे मुळीच वाटत नाही. बंद केल्याने गोष्टी थांबत नाहीत. त्या पारावर जातात, आणि तिथे त्यांची बातमी होते. उलट मुलांकडून त्या लिहून घ्या. सातवी-आठवीच्या मुलांना सांगा, गावातली एक भुताची हकिकत घरी विचारून या. आणताना एवढे विचारून आणा : सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? नसेल तर कोणाकडून ऐकले, आणि त्याने कोणाकडून? भुताचे काय अपुरे राहिले होते? आणि लोक त्या जागी जाईनासे झाले, तर फायदा कोणाचा? शेवटच्या प्रश्नाला मुले कधी कधी अशी उत्तरे आणतील की मास्तरांनाही गावाची नवी ओळख होईल.

मग ती हकिकत फळ्यावर ठेवून तिची गोष्ट करायला लावा. एकच कडक नियम घाला : गोष्टीतल्या भुताला गावातल्या कोणाचे नाव, घर, आडनाव द्यायचे नाही. माणसे नवी, गाव नवे. ज्या मुलाने आदल्या रात्री “आमच्या गल्लीतली ती म्हातारी…” असे ऐकले असेल, तोच मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने एक म्हातारी बनवतो, तिला कसे चालवायचे, कधी दाखवायचे, कुठे झाकायचे हे ठरवतो. आपण केलेल्या बाहुलीला मूल भीत नाही, आणि शेजारच्या म्हातारीकडे बघण्याची त्याची नजरही थोडी बदलते.

हा तास शेवटचा घेऊ नका, दुपारच्या सुट्टीआधीचा घ्या. शेवटचाच घ्यावा लागला, तर ज्यांची वाट पिंपळाखालून जाते त्या मुलांना एकटे सोडू नका. दोघादोघांना बरोबर पाठवा.